भोपळ्याच्या सहा बिया

समजा, लोंढा जंक्शनवर गोव्याची गाडी लेट आहे आणि बाकावर चौघा पोरांनी वीस बाजूंचा फासा बाहेर काढला आहे. खेळ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली अमेरिकेत आणलेला. एकजण मास्तर होऊन गोष्ट हाकतो, बाकीचे योद्धा, मांत्रिक, चोर होतात. गोष्ट रंगात आली की मांत्रिक हमखास विचारतो, “मास्तर, जादूची तलवार मीच घडवली तर?”

इथे लढाई थांबते आणि भागाकार सुरू होतो.

२०१४ च्या नियमपुस्तकात जादूची वस्तू घडवण्याचे काम दिवसाला २५ मोहरांच्या हिशेबाने सरकते. साधी वस्तू १०० मोहरांची, चार दिवसांत हातावेगळी. पण दंतकथेत शोभेल अशी वस्तू तब्बल पाच लाखांची, म्हणजे २०,००० दिवस, जवळपास ५५ वर्षे! खेळ निघाला त्या वर्षी कुणी ऐरणीवर बसला असता, तर दिवाळीचीही सुट्टी न घेता २०२८ च्या सुमारास मोकळा झाला असता. रेल्वेत चिकटलेला माणूससुद्धा साठीला सुटतो. खेळातल्या एल्फ मंडळींना साडेसातशे वर्षांचे आयुष्य, त्यांना कसली घाई! बाकीच्यांना मदतनीस घेण्याची मुभा आहे. कुळ्याहून कॅसलरॉकचा घाट चढणाऱ्या गाडीला मागून इंजिने लावतात, तशी.

२०१४ च्याही आधीच्या, २००० सालच्या आवृत्तीत वस्तू घडवली की कारागिराचे अनुभवाचे गुण कमी होत. काम करून माणूस अननुभवी होतो, हा सिद्धान्त मांडायला छाती लागते. मग घरोघरी मास्तरांनी आपापले नियम केले नसते तरच नवल. प्रकाशकांनीही २०२४ च्या पुस्तकात ५५ वर्षांचे २५० दिवस करून टाकले. आकडा सुधारला, पण जादूचे टेंडर ते टेंडरच राहिले.

खरी गंमत १९७९ च्या पुस्तकात आहे. दगड होण्यापासून वाचवणारा मंत्र लिहायच्या शाईची कृती गायगॅक्सने तिथे दिली आहे: राक्षसी माकूलाची शाई, बॅसिलिस्क नावाच्या सरड्यासारख्या प्राण्याचा डोळा, पुष्कराजाची पूड, तीर्थ आणि भोपळ्याच्या सहा बिया. भोपळा अमावास्येच्या अंधारात तोडलेला हवा. अमावास्येला गाडीपुढे कोहळा फोडणाऱ्या मुलखात हे वाचून कुणाची भुवईसुद्धा हलणार नाही. आपल्याकडे जादूला किंमत नसते. तिला सामान लागते, मुहूर्त लागतो आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पथ्य लागते.

म्हणून लोंढ्याच्या टोळीने मोहरा मोजूच नयेत, जिन्नस शोधायला निघावे. आगीचा गोळा फेकायच्या मंत्राला नियमपुस्तकानुसार गंधक आणि वटवाघळाची विष्ठा लागते. आता लोंढ्याच्याच खानापूर तालुक्यात, भीमगडच्या जंगलात, बारापेडेच्या गुहा आहेत आणि तिथे राहते रॉटनचे वटवाघूळ, जगात मोजक्याच ठिकाणी सापडणारे. मास्तरने एवढेच सांगावे, “गुहेच्या तोंडाशी वनखात्याचा गार्ड उभा आहे.” ड्रॅगनला तलवारीने मारता येते, गार्डला परवानगीचा कागद दाखवावा लागतो. एक अख्खी दुपार खेळ रंगेल.

वस्तू तयार झाली की तिला पथ्य लावावे. तलवार शनिवारी म्यानाबाहेर काढायची नाही. अंगठी घालणाऱ्याने तेवढा दिवस खोटे बोलायचे नाही (चोराचे पात्र घेतलेल्या पोराचे हाल बघण्यासारखे होतील). दारावरची लिंबू-मिरचीसुद्धा दर शनिवारी बदलावी लागते, मग पाच लाखांच्या तलवारीनेच फुकट का चालावे?

एक विनंती मात्र आहे. बारापेडे भीमगड अभयारण्यात येते. खेळापायी खरोखर तिकडे कुणी फिरकू नये. त्या वटवाघळांना निवांत राहू द्यावे आणि विष्ठा फासे टाकूनच मिळवावी.