लागतं कधीतरी

भिवंडीत कारखाने आहेत तोवर असे एक काका गल्लोगल्ली असणारच. आमचे काका एम्ब्रॉयडरीच्या मशिनी दुरुस्त करतात. बाहेर मागांचा खडखडाट चालू असतो, पण यांचा कान फ्लॉपी ड्राइव्हच्या 'कर्र... टक्'कडे. नुसतं ऐकून सांगतात, "हेड घाण झालंय."

फ्लॉपी हातात आली की आधी झडप सरकवून तबकडी उजेडाला धरायची. पावसाळ्यात तिच्यावर बुरशी धरते. मग चिकटपट्टी. कित्येक जुन्या मशिनींना 720 केबीचीच फ्लॉपी लागते आणि हाती येते 1.44 एमबीची. तिच्या कोपऱ्यातलं जादाचं भोक बुजवलं की ड्राइव्ह फसतो. ती पट्टी काका नखाने अशी दाबतात, जणू नातवाच्या गुडघ्यावर बँडेज लावतायत. सोनीने जपानात 2011 साली फ्लॉपी विकणं थांबवलं, तेव्हा यांनी डबेच्या डबे भरून ठेवले. "असू दे, लागतं कधीतरी."

"काका, यूएसबीवाला ड्राइव्ह का नाही घेत?" असं मात्र विचारू नये. अर्धा तास जातो. "अरे, तो ठरावीक दोन-तीन फॉरमॅटच ओळखतो. वेडंवाकडं काही वाचायचं तर ड्राइव्ह चौतीस पिनांच्या पट्टीने थेट बोर्डावरच्या कंट्रोलरला जोडायचा, आणि लिनक्सच्या कर्नेलमध्ये त्याचा खास ड्रायव्हर हवा." त्याच ड्रायव्हरला 2019 मध्ये लिनक्सचा जनक लिनस टॉरवाल्ड्स याने अनाथ ठरवलं, चालू स्थितीतले खरे ड्राइव्हच मिळेनासे झालेत, असं त्याचं म्हणणं. काका उखडले. "मिळत नाहीत? इकडे ये म्हणावं! अकरा आहेत माझ्याकडे!"

"त्यातले चालतात किती?" काकूंनी आतून विचारलं.

पुढे डेनिस एफ्रेमॉव्ह नावाच्या प्रोग्रामरने तो ड्रायव्हर सांभाळायला घेतला. "गुणी पोर दिसतंय," काका म्हणाले, आणि चहा सांगितला.

माणूस हट्टी, पण धंद्याला पक्का. ड्राइव्हच्या जागी पेनड्राइव्हचं खोकं हवं असलेल्या गिऱ्हाइकाला मुकाट बसवून देतात, पैसेही चोख घेतात. उतरवलेला ड्राइव्ह तेवढा पिशवीतून घरी येतो.

गेल्या दिवाळीत काकूंनी माळा आवरायला काढला आणि भंगारवाल्याला हाक मारली. काका अडवायला म्हणून खाली धावले, तर त्याच्या हातगाडीवर यांना आणखी दोन ड्राइव्ह दिसले. किलोच्या भावाने मिळाले म्हणून फराळापर्यंत खूश होते.