वाळूत पुरलेल्या कोळशाबद्दल आभार

प्रति,
समस्त शेकोटीप्रेमी पनवेलकर,
मुक्काम : शनिवारी दुपारी गाडीत, रात्री किनाऱ्यावर.

विषय : आपण मागे ठेवलेल्या कोळशाबाबत.

महोदय आणि महोदया,

आपल्या पनवेलला खाडी आहे, पुळण नाही. ही उणीव तुम्ही स्वतःच्या पेट्रोलने भरून काढता, याचे मला कौतुक आहे. थंडी पडली की कोणी उरणच्या पिरवाडीला निघतो, कोणी पेण-वडखळवरून नागावला, कोणी थेट काशीदला. डिकीत तंबू, स्पीकर, मसाला लावून मुरवलेली कोंबडी, जाळीची शेगडी आणि कोळशाची पिशवी. लिंबूसुद्धा विसरत नाही तुम्ही. परतताना मात्र कोळसा तिथेच राहतो. पायाने वाळू लोटायची, वर दोन थापा मारायच्या, की झाली स्वच्छता.

कायद्याचा तुमचा अभ्यास तर थक्क करणारा. केंद्र सरकारने 2016 साली केलेल्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत स्पष्ट म्हटले होते की, आपला कचरा सार्वजनिक जागी टाकू नये, जाळू नये आणि पुरू नये. एखादा सामान्य माणूस यातला एखादा नियम मोडतो. तुम्ही वेफर्सची पाकिटे टाकता, कागदी ताटल्या जाळता आणि निखारे पुरता. एका रात्रीत तिन्ही!

कोणी हटकले तर तुमच्यातला एखादा जाणकार सांगतो, “अहो, आग विझवायच्या लाल बादलीत वाळूच असते ना?” असते. ज्वाळेची हवा तोडायला ती उपयोगी पडते. पण धगधगते निखारे सैल वाळूखाली गेले की त्यांची उष्णता तिथेच कोंडून राहते. कणांमधल्या हवेमुळे कोरडी वाळू उष्णता बाहेर जाऊ देत नाही. वरून काही दिसत नाही, आत तासन् तास विस्तव. पहाटे तिथून अनवाणी जाणारी कोळीण किंवा किल्ला बांधायला धावणारे पोर यांना तुमची शेकोटी तळपायाने सापडते. पेटलेली आग तरी लांबून दिसते, माणूस वळसा घालून जातो. तुम्ही ती सोयसुद्धा काढून घेता.

आणि समुद्र? तो असतो पन्नास पावलांवर, अख्खा अरबी समुद्र. त्यातले बादलीभर पाणी आणायचे म्हणजे फोटोतून उठावे लागणार.

मला राहून राहून आश्चर्य याचे वाटते की, हीच माणसे शेतावर पोपटी लावताना किती शहाणी असतात! वालाच्या शेंगांवर जाडे मीठ आणि ओवा घालायचा, मडक्याच्या तोंडाशी भांबुर्ड्याचा पाला कोंबायचा, मडके पालथे घालून भोवती पेंढा आणि काटक्या रचायच्या. वारा कुठून येतो, गंजी किती लांब आहे, विस्तव कोणाच्या बांधाकडे सरकत नाही ना, यावर कोणीतरी काका डोळ्यांत तेल घालून उभे. राख आपल्याच मातीत मिसळते, निखारा राहिला तर आपलेच नुकसान. किनाऱ्यावर हे काका कुठे जातात? बहुधा शेत आपले असते आणि पुळण कोणाचीच नसते, म्हणून त्यांना घरी ठेवून जात असाल.

“भरती येईल, धुऊन नेईल,” हा दुसरा युक्तिवाद. पाण्याला सगळेच नेता आले असते तर काय हवे होते! बराचसा कोळसा तरंगतो. लाट तो उचलते आणि थोडा वर, भरतीच्या रेषेवर, नीट ओळीत मांडून ठेवते. सकाळी किनाऱ्याला काजळ घातल्यासारखे दिसते. बाटली उचलता येते, कोळशाचा चुरा मात्र चाळावा लागतो. तो चाळायचा नागाव-काशीदसारख्या गावांनी. म्हणजे कर आपण भरायचा पनवेल महापालिकेला आणि कोळसा द्यायचा ग्रामपंचायतीला.

शिवाय तो कुजत नाही. शिरूर तालुक्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात उत्खनन केले. तिथल्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीचे वय ठरवायला हजारो वर्षे टिकलेला कोळसाच कामी आला. तेव्हा तुमचेही नाव राहणार. पुढचे संशोधक लिहितील, या थरात शनिवारी रात्री भरपूर कोंबडी खाणारी आणि झाडू ठाऊक नसलेली संस्कृती आढळते.

दिवेआगर-हरिहरेश्वरला जाणाऱ्यांचे विशेष आभार. ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या तिथे वाळूत अंडी घालायला येतात, तेही साधारण तुमच्याच हंगामात. अंड्यातून निघालेले पिल्लू रात्री उजेडाच्या दिशेने चालते, कारण मोकळ्या समुद्राकडचे आकाश जास्त उजळ असते. तुम्ही त्याला समुद्रापेक्षा उजळ काहीतरी देऊ करता. वन खात्याची आणि गावातली माणसे घरटी राखत बसतात. बसू देत, त्यांना दुसरे काम काय?

तिकडे सॅन फ्रान्सिस्कोच्या ओशन बीचवर आग फक्त ठरवून दिलेल्या कुंडांतच पेटवायची, तीही वर्षाचे ठरावीक महिने. आपल्याकडे असे काही आले तर तुम्ही स्वातंत्र्याचा प्रश्न उभा कराल हे ओळखून मी कुंड मागत नाही. घमेले मागतो. बांधकामावर असते ते साधे लोखंडी घमेले, खाली चार विटा. सुरूच्या बनापासून, होड्या आणि जाळ्यांपासून लांब ठेवा. जिथे कासवे येतात तिथे तेही नको. खाणे उरकले की बाजूला उभे राहून समुद्राचे पाणी ओता, ढवळा, पुन्हा ओता. हाताची मागची बाजू जवळ नेऊन धग उरली नाही याची खात्री करा. मग कोळसा जुन्या डब्यात भरून पनवेलला आणा. डिकीत जागा असते, कोंबडी संपलेली असते.

घमेले विकत घ्यायचे जिवावर येत असेल तर माझे घेऊन जा. रविवारी संध्याकाळी परत हवे, कोळशासकट.

आपला,
एक पनवेलकर