‘यंदाचे’ : बोर्डीच्या बरण्यांतील बीजसंग्रहाचा एक अभ्यास

परसातल्या भाजीचे बी एका हंगामातून पुढच्या हंगामासाठी राखून ठेवणे, अशी घरगुती बीजसंग्रहाची सोपी व्याख्या करता येईल. परंतु डहाणू तालुक्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी ती अपुरी ठरते, कारण तेथे राखलेले बी आणि पुढचा हंगाम यांच्यामध्ये दमट हवा, भुंगा आणि स्वयंपाकघर हे तीन अडथळे उभे असतात, आणि त्यांपैकी पहिल्या दोहोंवरच शास्त्राने काही उपाय सुचवलेले आहेत.

या गावाची कीर्ती ज्या फळामुळे झाली त्याचे बी मात्र कोणीही जपत नाही, ही गोष्ट आरंभीच नोंदवली पाहिजे. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट प्रदेशाशी निगडित असलेल्या गुणांची कायदेशीर ओळख, मिळाले. तरीही चिकूचे काळेभोर, तुळतुळीत बी खाणाऱ्याच्या तोंडातून थेट अंगणात जाते, कारण चिकूची लागवड कलमाने होते आणि ते कलम बहुधा खिरणीच्या रोपावर बांधलेले असते. थोडक्यात, गावाचे नाव चिकूने काढले, मुळे खिरणीने पुरवली आणि मानांकनाच्या नावात खिरणी कोठेच आली नाही. साहजिकच बीजसंग्राहकाची माया दुधी, शिराळी, घोसाळी, पडवळ आणि वाल या मानांकन नसलेल्या मंडळींकडे वळते.

बियाणे कोरड्या व थंड जागी ठेवावे, हे सर्वांनाच ठाऊक असते. हॅरिंग्टन या अमेरिकी बीजशास्त्रज्ञाने त्याचे सूत्र बांधून दिले, ते असे की साठवणीच्या जागेचे फॅरनहाइटमधील तापमान आणि हवेतील आर्द्रतेची टक्केवारी यांची बेरीज १०० च्या आत असावी. बोर्डीच्या पावसाळ्यात तापमान ८५ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के धरली तरी बेरीज १७० भरते, आणि जेथे मिठाला पाणी सुटते व पापड डब्यातून बाहेर येताच मान टाकतो तेथे हे गणित करून पाहण्यासाठी कोणत्याही उपकरणाची गरज भासत नाही. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर २००८ पासून जगभरातील बियाणे उणे १८ अंश सेल्सिअसला ठेवले जाते. बोर्डीत त्याच कामी शीतकपाटाचा खालचा कप्पा योजला जातो, आणि तेथे बियांची बाटली कोथिंबीर व उरलेली आमटी यांच्या शेजारी नांदते. ही व्यवस्था वाईट नाही. फक्त बाटलीचे झाकण घट्ट असावे, आत भाजून कोरडे केलेले मूठभर तांदूळ ओलावा शोषण्यासाठी घालावेत आणि थंड बाटली बाहेर काढल्याबरोबर उघडू नये, नाहीतर बाहेरच्या हवेचे दव आतल्या बियांवर धरते. पूर्वी बियाणे चुलीच्या वर, आढ्याला टांगलेले असे आणि धुराने ते कोरडे व कीडमुक्त राही. गॅसची शेगडी आल्यावर डोळ्यांचे पाणी थांबले, मात्र बियांचे संरक्षकही गेले.

भुंग्याचा विषय अधिक नाजूक आहे. वालासारख्या कडधान्यावर भुंग्याची मादी पुष्कळदा शेंग वेलावर असतानाच अंडी घालते, त्यामुळे बरणी कितीही घट्ट लावली तरी शत्रू आधीच आत घेतलेला असतो, आणि महिन्या-दोन महिन्यांनी दाण्यांना गोल भोके पाडून तो बाहेर येतो तेव्हा घरातील मंडळी झाकण कोणी सैल ठेवले यावर वाद घालत बसतात. राखेत घोळणे किंवा एरंडेलाचा हात फिरवणे हे जुने उपाय येथे उपयोगी पडतात.

खरी विद्वत्ता मात्र लागते ती वर्गीकरणाला. लिनियसने १७५३ मध्ये वनस्पतींना दोन शब्दांची लॅटिन नावे रूढ केली. बोर्डीच्या घरांतही द्विनाम पद्धतीच चालते, फरक इतकाच की पहिले पद देणाऱ्याचे असते आणि दुसरे भाजीचे, उदाहरणार्थ ‘कोसबाडच्या मावशीचा दुधी’ किंवा ‘स्टेशनाजवळच्या काकांचे पडवळ’. मावशीने तो दुधी स्वतः कोणाकडून आणला होता, हा प्रश्न या शास्त्रात असभ्य मानला जातो. बी ठेवण्यासाठी औषधांच्या बाटल्या, श्रीखंडाचे डबे आणि विशेषतः लग्नपत्रिकांची पाकिटे वापरतात. कांद्याचे बी वर्षभरातच दुबळे होते, तर टोमॅटो व काकडीचे चार-पाच वर्षे टिकू शकते. म्हणून बियांचे वय कळणे अगत्याचे असते आणि तेथे पाकीट कामास येते, कारण त्यावरील वधूवरांचे मूल शाळेत जाऊ लागले असेल तर आतील कांद्याच्या बियांकडून फारशी अपेक्षा ठेवू नये.

तिसऱ्या अडथळ्यापुढे कायदाही हतबल आहे. पीकवाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ याने शेतकऱ्याला आपल्या शेतातले बी राखण्याचा, पेरण्याचा आणि देण्याघेण्याचा हक्क दिला. पण पेरण्यासाठी राखलेला वाल आणि बिरड्यासाठी ठेवलेला वाल यांत वनस्पतिशास्त्र फरक करीत नाही आणि पाहुणे आल्यावर स्वयंपाकघरही करीत नाही. माघ-फाल्गुनात काढलेल्या वालाला पेरणीसाठी अख्खा पावसाळा काढावा लागतो, आणि बिरड्याचा मोह नेमका पावसाळ्यातच बळावतो. एका न्यायाने हे बियांच्या उगवणशक्तीची, म्हणजे शंभरातील किती दाणे रुजतात याची, चाचणीच ठरते: वाल भिजवून फडक्यात बांधले, सर्वांना मोड आले, बियाणे शंभर टक्के उत्तम असल्याचे सिद्ध झाले आणि दुपारी ते संपले.

यातून जे वाचते ते बी त्या त्या हंगामाला बाहेर निघते. वेलभाज्यांची आळी अक्षय्य तृतीयेला घालायची असतात, आणि त्या सुमारास प्रत्येक घरात अशी एक बाटली सापडतेच की जिच्यावर निळ्या शाईत ‘यंदाचे’ एवढा एकच शब्द असतो. भाजी कोणती आणि साल कोणते, हे लिहिणाऱ्याला त्या वेळी इतके उघड वाटलेले असते की लिहिण्याची गरजच नव्हती. आतील चपट्या बिया दुधीच्या की भोपळ्याच्या यावर मतभेद होतात, शेवटी त्या टोचल्या जातात, आषाढात मांडवावर पांढरी फुले येऊन दुधीचा पक्ष जिंकतो, आणि एक फळ वेलावरच जून होऊ देऊन त्याचे बी काढून, धुऊन, सावलीत वाळवून त्याच बाटलीत भरले जाते, कारण तिच्यावर ‘यंदाचे’ असे आधीच लिहिलेले असते.