तात्या, मोरू आणि विकेटकीपरचे ग्लोव्ह्ज

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर कुठल्याही विषयावर मत मिळतं, आणि तेही न मागता. गुडघ्याचं ऑपरेशन कुठे करावं, मुलाला कुठल्या कोचकडे घालावं, पुनर्विकासात बिल्डरकडे किती जास्तीची जागा मागावी, सगळ्यावर. पण "काल आमच्या उंदराचं ऑपरेशन झालं," असं मी म्हणालो, तेव्हा किलोमीटरभराहून लांब असलेल्या त्या कट्ट्यावर बोलायला कोणी पुढे येईना. शेवटी एका काकांनी विचारलं, "कसलं ऑपरेशन?" मी सांगितलं. काकांनी काही न बोलता पाय जवळ घेतले.

उंदीर आणले चिऊने. ती कॉलेजात मानसशास्त्र शिकते. शिकागोच्या शास्त्रज्ञांनी २०११ साली छापलेला एक प्रयोग तिच्या वाचनात आला. एका उंदराला नळीत कोंडलं आणि दुसऱ्याला बाहेर मोकळं सोडलं. मोकळ्याने नळीचं दार उघडायची युक्ती शोधली आणि आतल्याला सोडवलं. वर शेजारी ठेवलेलं चॉकलेट एकट्याने न संपवता त्याच्यासाठी राखलं. "बाबा, माणसंसुद्धा असं करत नाहीत," असं म्हणून ती क्रॉफर्ड मार्केटात गेली आणि एक पिल्लू घेऊन आली. अंग पांढरं, डोक्यावर राखाडी टोपडं, आणि नर.

आईने त्याचं नाव मोरेश्वर ठेवलं. गणपतीचं वाहन आहे, दुसरं काय ठेवणार? मोरगावच्या मोरेश्वराचं वाहन उंदीर नसून मोर आहे, हे मी नम्रपणे निदर्शनास आणलं. "मग मोर पाळ," आई म्हणाली. "जागा आहे?" मोरेश्वराचा संध्याकाळपर्यंत मोरू झाला.

उंदीर हा टोळक्याने राहणारा प्राणी. एकटा ठेवला तर खंगतो, त्यामुळे दुसरा आणणं भाग होतं. माटुंग्याची एक मुलगी एमएस करायला परदेशी निघाली होती, तिचा उंदीर उघड्यावर पडणार होता. येताना त्याचं नाव मॅक्सिमस होतं. आईने चष्मा पुसून त्याच्याकडे पाहिलं, "अगदी आपला तात्या," म्हणाली, आणि आमच्या दिवंगत काकांचं नाव त्या प्राण्याला मिळालं. हाही नरच.

आता आमच्या पत्त्यावर हौसेने उंदीर पाळणं म्हणजे इतिहासाला वाकुल्या दाखवणं आहे. १८९६ च्या सप्टेंबरात डॉ. अकाशियो व्हिएगस यांनी मांडवीत प्लेगचा पहिला रोगी ओळखला. मग माणसं मेली, पळाली, आणि दाटीवाटीच्या मुंबईत हवा-उजेड हवा हे सरकारला उमगलं. १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला, आणि रुंद रस्त्यांचं, आखीव प्लॉटांचं दादर-माटुंगा कागदावर आलं. म्हणजे आमच्याकडचे रस्ते रुंद आहेत, त्याचं थोडं श्रेय उंदरांनाही आहे. इंग्रजांचं मात्र वेगळंच. मुंबईत प्लेग चालू असताना, १९०१ साली, तिकडे एल्सबरीला मेरी डग्लस नावाच्या बाईंनी आपला पाळीव उंदीर प्रदर्शनात मांडला आणि बक्षीस मिळवलं. चिऊ त्या बाईंच्या वळणावर गेली आहे. आम्ही प्लेगच्या वळणावरचे.

मोरू लहान होता तोवर तात्या त्याला अंगावर लोळू देई. पाच-सहा महिन्यांचा झाला आणि त्याला वयाने गाठलं. पहिली खूण आईच्या नजरेस पडली. तिने मला स्वयंपाकघरात बोलावून दबक्या आवाजात सांगितलं, "अरे, मोरूला मागच्या बाजूला केवढी गाठ आलीय बघ. कॅन्सर-बिन्सर नसेल ना?" गाठ नव्हती. वयात आलेल्या नर उंदराला निसर्गाने जे दिलेलं असतं, ते अंगाच्या मानाने अवाढव्य असतं आणि लपवायची सोयही फारशी नसते. हे आईला समजावून सांगण्याची जबाबदारी बायकोने माझ्यावर आणि मी चिऊवर ढकलली. चिऊने मानसशास्त्राच्या भाषेत सगळं सांगितलं. आई म्हणाली, "एवढंच ना? मग सरळ सांग की."

त्यानंतर मोरू जिथे जाईल तिथे थेंब-थेंब सही करत जाऊ लागला. माझ्या बाहीवर, चिऊच्या वहीवर, आणि तात्यावर तर आवर्जून. तात्या समोर आला की अंगावरचे केस पिंजारायचे, दुप्पट दिसायचं, पाठीची कमान करून आडवं-आडवं चालत त्याच्यावर जायचं, शेपटी सळसळवायची. मग हिस्स असा आवाज, आणि पुढचं दिसायचंच नाही, नुसता एक केसाळ गोळा पिंजराभर फिरे. एका रात्री तात्याच्या पाठीवर रक्त निघालं. चिऊ रडली आणि हात घालायला धावली.

भांडणाऱ्या उंदरांत उघडा हात घालायचा नसतो, दात हाडापर्यंत जातात. तिथे मी कामाला आलो. शिवाजी पार्कात घर असलं की घरात न झालेला एक तरी कसोटीपटू असतोच, आमच्या घरातला मी. माळ्यावर माझे शाळेतले विकेटकीपिंगचे ग्लोव्ह्ज होते. ते घालून मी मोरूला लेग साइडला झेपावत पकडला. इतक्या वर्षांत एवढा स्वच्छ झेल मी घेतला नव्हता. मोरूने अंगठ्याच्या चामड्यात दात रोवले, ते भोक अजून आहे.

चिऊने त्यात आणखी एक माहिती घातली. उंदरांचं बरंचसं बोलणं माणसाच्या कानाच्या पलीकडे चालतं. माणसाला वीस किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं, ते घाबरले की बावीसच्या आसपास ओरडतात आणि खूष असले की पन्नासच्या आसपास. याक पँकसेप नावाच्या शास्त्रज्ञाने उंदरांना गुदगुल्या करून तो खुषीचा आवाज टिपला होता. बायकोला यातली एकच गोष्ट कळली: रात्रभर जे भांडण ऐकू येतं, ते अर्धंच आहे.

वेगळे पिंजरे केले. दिवाणखान्यात दोन पिंजरे, मधे सोफा, सोफ्यावर आम्ही, तटस्थ. एका मैदानावर दोन गटांना कसं बसवायचं, ही अडचण शिवाजी पार्ककरांना नवी नाही. दसऱ्याच्या मेळाव्याला मैदान कोणाचं, हे २०२२ साली हायकोर्टाला ठरवावं लागलं होतं. पण उंदरांसाठी कोर्टात जाता येत नाही. त्याच सुमारास सोसायटीने पेस्ट कंट्रोलवाला बोलावला. दारात उभं राहून त्याने रोजचा प्रश्न विचारला, "उंदरांचा त्रास आहे का?"

"आम्हाला नाही हो," आई म्हणाली. "त्यांचा त्यांनाच आहे."

तो आत डोकावला, दोन पिंजरे बघितले, आणि काही न लिहिता पुढच्या मजल्यावर गेला. याच शहरात महापालिका रात्रपाळीला माणसं लावते, आणि एकेकाने रात्रीत तीस उंदीर मारावेत अशी अपेक्षा असते. आमच्या घरात मात्र एका उंदराचा स्वभाव सुधारायला काही हजारांचं बजेट मंजूर झालं. उंदीर स्वतः काही शे रुपयांचा.

पक्षी, ससे, कासवं बघणाऱ्या एका डॉक्टरांकडे गेलो. बसायच्या खोलीत कॅडल रोडच्या एक बाई पर्शियन मांजर घेऊन बसल्या होत्या. मांजराने मोरूचा डबा बघितला आणि उपचाराची गरज नसल्यासारखं ताठ बसलं. "काय आजार आहे तुमच्याला?" बाईंनी विचारलं. "फार तापट आहे," मी म्हणालो. बाई शेजारी बसलेल्या आपल्या यजमानांकडे बघून म्हणाल्या, "याच्यावर औषध आहे?"

डॉक्टरांनी नीट सांगितलं. नुसती नस बांधून भागत नाही, कारण नस बांधली तरी हार्मोन तयार होतच राहतात. वृषणच काढावे लागतात. मोरूची गुरगुर हार्मोनची असेल तरच फरक पडेल. भीतीने किंवा दुखण्याने चावणारा उंदीर ऑपरेशनने सुधारत नाही. भूल गॅसची. आणि त्याला आदल्या रात्री उपाशी ठेवायचं नाही! आमच्या घरात ऑपरेशन म्हटलं की उपास, हे आईचं धर्मशास्त्र, त्यामुळे हे तिला पटेना. उंदराला उलटी करताच येत नाही, म्हणून भुलेत अन्न घशाशी यायची भीती नाही; उलट एवढ्याशा जिवाला उपाशी ठेवलं तर साखर उतरते. आणखी एक गंमत डॉक्टरांनी सांगितली. उंदीर घाबरला की तो सगळा सरंजाम पोटात वर ओढून घेऊ शकतो, तिथे वाट उघडीच असते. त्यामुळे ऑपरेशनमध्ये ती वाटही टाके घालून बंद करावी लागते, नाहीतर आतडं खाली उतरतं. हे ऐकताना मीही कट्ट्यावरच्या काकांसारखाच बसलो होतो.

मोरू सुखरूप परत आला. टाके आतून, वरून डिंकासारखं औषध, कारण वरचे टाके उंदीर दातांनी उसवतो. भुशाऐवजी धुतलेल्या सुती साड्यांचे तुकडे घातले, म्हणजे जखमेत काही जायला नको, आणि उबेला कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी दिली. वेदनेचं औषध आईने चिमूटभर शिऱ्यातून दिलं. पेशंटला काय झालंय हे ती विसरली होती, पण शिऱ्यात वेलची घालायला विसरली नाही.

"आता झाला ना शांत?" दुसऱ्याच दिवशी बायकोने विचारलं. नव्हता झाला. रक्तातले हार्मोन उतरायला चार-सहा आठवडे लागतात, आणि त्यातले पहिले काही आठवडे पिल्लं होण्याचा धोकाही शिल्लक असतो. आईने हे लगेच समजून घेतलं. "तुझे बाबा रिटायर झाले तेव्हा नाही का, तीन महिने रोज सकाळी ऑफिसात फोन करून विचारायचे, फाइल पुढे गेली का?"

तोवर कापडांची अदलाबदल चालू होती. मोरूच्या वासाचा तुकडा तात्याकडे, तात्याचा मोरूकडे. मग समोरासमोर भेट. सगळी पुस्तकं म्हणतात, ही भेट बाथटबमध्ये घडवा, कारण ती जागा दोघांपैकी कोणाचीच नसते. शिवाजी पार्कातल्या जुन्या बिल्डिंगमध्ये बाथटब कुठला! आम्ही बाथरूमची लादी धुऊन कोरडी केली आणि मोरीच्या जाळीवर पाट आणि पाटावर भरलेली बादली ठेवली, नाहीतर दोघंही गटारातल्या नातलगांकडे राहायला गेले असते. दाराशी मी ग्लोव्ह्ज घालून ओणवा.

पहिल्या भेटीत केस पिंजारले, दोघं मागच्या पायांवर उभे राहिले आणि पुढचे पंजे एकमेकांच्या छातीवर ठेवून किंचाळले. मी झेपावणार, तेवढ्यात चिऊने कॉलर धरली. हे चालतं. एकाने दुसऱ्याला उताणं पाडणं, ओरडणं, ढकलणं हा मान कोणाचा हे ठरवायचा रिवाज आहे. त्यात मधे पडलं तर ते ठरतच नाही आणि उद्या परत पहिल्यापासून सुरू. रक्त आलं किंवा गोळा होऊन लोळू लागले, तरच सोडवायचे. आई दाराबाहेरून म्हणत होती, "त्यांचं त्यांना मिटवू दे. तू आणि दादा काय कमी भांडलात?" दादा आता ठाण्याला राहतो, हे मी तिला सांगितलं नाही.

बाथरूममध्ये तह होऊ लागला, पण सोफ्यावर आले की पुन्हा ताठ. मग चिऊने शेवटचा उपाय काढला. दोघांना एका छोट्या डब्यात घालायचं आणि हलवायचं. अपरिचित हिसक्यांत उंदीर भांडण विसरून एकमेकांना चिकटतात म्हणे. आम्ही काळीपिवळी केली. "कुठे?" ड्रायव्हरने विचारलं. "कुठेही, परत इथेच यायचंय." त्याने आरशातून आमच्याकडे आणि डब्याकडे पाहिलं. "आजारी आहे? बैलघोड्याला नेऊ?" परळचं साकरबाई पेटिट इस्पितळ मुंबईत याच नावाने ओळखतात. चिऊ घाईने म्हणाली, "परळ नको, वाटेत हाफकिन लागतं." १८९९ पासून त्या आवारात लशींचं काम चाललंय आणि तिथल्या उंदरांच्या वाट्याला काय येतं, हे तिने मोरूसमोर बोलणं टाळलं. आम्ही वरळीला वळसा घातला. एका सिग्नलला टॅक्सीने कचकन ब्रेक मारला. मी झाकणातून डोकावलो, तर मोरू तात्याच्या पोटाखाली घुसला होता.

त्यानंतर मोठा पिंजरा व्हिनेगरने घासला, शिड्या-झोळ्यांच्या जागा बदलल्या, म्हणजे इथे माझी सही आहे असं म्हणायला कोणालाच वाव नको. दोघांना आत सोडलं. तात्याने मोरूला दाबून धरलं आणि त्याच्या मानेचे केस दातांनी विंचरायला लागला, जरा जास्तच जोरात. मोरू चीं चीं करत पडून राहिला. थोड्या वेळाने त्याचे वरचे-खालचे दात एकमेकांवर कुरकुर घासू लागले आणि त्या तालावर डोळे बाहेर-आत, बाहेर-आत व्हायला लागले. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, आता गेला. पण शांत पडलेला उंदीर असं करतो तेव्हा तो बहुधा मजेत असतो. आईने कौतुकाने बघितलं आणि मग निकाल दिला: ऑपरेशन मोरूचं झालं, पण तात्याच आता घरचा कर्ता आहे.

तुमच्या घरात कोणी उंदीर आणायचा हट्ट धरला, तर सुरुवातीलाच एका वेताचे दोन भाऊ आणा, आणि वयात आल्यावर भांडले तर आधी डॉक्टरांना दाखवा. कंटाळून पार्कात सोडू नका. पिंजऱ्यात वाढलेला पांढरा उंदीर तिथे मांजरी-कावळ्यांपुढे एक रात्रही टिकत नाही. जातीचा उंदीर जेमतेम दोन-अडीच वर्षं जगतो, तेवढी सोय घरात करता येते. ग्लोव्ह्ज लागले तर आमच्याकडून घेऊन जा. उजव्या अंगठ्याला भोक आहे, पण झेल सुटत नाही.