ओटीपी मागणाऱ्या साहेबांस आसेगावचं जाहीर निमंत्रण

प्रति,
बँक मॅनेजर, कुरिअर कंपनी, सीबीआय, मायक्रोसॉफ्ट आणि प्रसंगी माझ्या मामाचा मुलगा अशी सगळी पदं एकहाती सांभाळणारे साहेब,
मुक्काम : दर वेळी नवा नंबर

विषय : मौजे आसेगाव येथे आपल्या धंद्याची शाखा उघडण्याबाबत.

साहेब,

सप्रेम नमस्कार. पत्रास कारण की, तुमची माणसं आमच्या गावात फोन करतात, पण अगदीच फुटकळ. आज एक, परवा एक, तोही हिंदीत. इतक्या सुपीक गावाकडं तुमचं असं दुर्लक्ष बघवत नाही. म्हणून गावातर्फे हे निमंत्रण. ग्रामपंचायतीचा ठराव झालेला नाही, पण ठरावाशिवाय आमच्याकडं बरीच कामं होतात.

आधी पत्ता नीट लिहून घ्या. अमरावती जिल्ह्यात आसेगाव पूर्णा आहे, आमच्याच वाशीम जिल्ह्यात रिसोडकडं आसेगाव पेन आहे. आमचं आसेगाव मंगरूळपीर तालुक्यातलं. गावाला स्वतःचं पोलीस ठाणं आहे, पण त्याची धास्ती घेऊ नका. तुम्ही स्वतःच खांद्यावर तारे लावून व्हिडिओ कॉलवर बसता, तेव्हा ही मंडळी तुमच्या खात्यातलीच समजा.

माझी ओळख सांगायची तर मी गावातला कॉम्प्युटरवाला. दुरुस्ती, झेरॉक्स, ऑनलाइन अर्ज, पासपोर्ट फोटो, सगळं एकाच टेबलावर. कोणाचा माऊस मेला, कोणाचं फेसबुक ‘हरवलं’, कोणाच्या प्रिंटरनं कागद गिळला, सगळे माझ्याकडं. त्यामुळं इथला कच्चा माल किती आणि कुठं आहे, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक नाही.

१ जुलै १९९८ ला वाशीम जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला. पुढं नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीतही आम्ही आलो. कारखान्यांची वाट बघून आमची पोरं मात्र पुण्याला गेली. घरी उरले आईबाप, वावरातलं सोयाबीन आणि पोरानं दिवाळीला आणून दिलेला स्वतःचा जुना लॅपटॉप. त्या लॅपटॉपचा पासवर्ड पोराची जन्मतारीख. ती विसरू नये म्हणून पट्टीवर लिहून स्क्रीनखाली चिकटवलेली. आता यापेक्षा जास्त पायाभूत सुविधा कोणता जिल्हा देईल?

मनुष्यबळही प्रशिक्षित आहे. हे प्रशिक्षण तुम्हाला द्यावं लागणार नाही, आम्ही फुकटात देऊन ठेवलं आहे. पीएम किसानची केवायसी, लाडक्या बहिणीची केवायसी, शेतकऱ्याचा फार्मर आयडी, पीक विमा, सोयाबीनच्या हमीभावाची नोंदणी, प्रत्येकाला ओटीपी. परवा एक मावशी आल्या. पदराच्या गाठीतून बटणांचा फोन काढला आणि माझ्या हातावर ठेवला. ‘तूच पाय ना बाप्पा, मले का समजते त्यातलं.’ मी मेसेज उघडला. आकड्याच्या खाली इंग्रजीत लिहिलं होतं की हा आकडा कोणालाही सांगू नये. मी तो मोठ्यानं वाचला, टाइप केला आणि फोन परत दिला. मागच्या बाकावर बसलेल्या सगळ्यांनी तो ऐकला. त्यात गैर कोणालाच वाटलं नाही, कारण काम सरकारी होतं आणि सरकारी काम असंच होत असतं. कॉम्प्युटरकडं बघत जो आकडा मागतो, तो सरकार, एवढं आमच्या गावानं पक्कं शिकून घेतलंय. मावशींना उद्या तुम्ही फोन करून म्हणालात की ‘योजनेचा हप्ता अडकलाय, आकडा सांगा’, तर त्या तुम्हाला नाही म्हणतील कशाला? तुम्ही माझ्यापेक्षा जास्त अदबीनं बोलता.

आधारच्या झेरॉक्सबद्दल तर बोलायलाच नको. पूर्वी सिमकार्डाला झेरॉक्स, आजही लॉजवर झेरॉक्स, गॅसला झेरॉक्स. २७ मे २०२२ ला आधार प्राधिकरणाच्या बंगळूर कार्यालयानं सांगितलं की झेरॉक्स कोणालाही देत सुटू नका, आकडे झाकलेलं आधार द्या. बातमी आमच्याकडं पोचून चर्चा सुरू होते न होते, तोच २९ मे ला दिल्लीनं ती सूचना मागे घेतली. गैरसमज होईल म्हणे. आकडे झाकलेलं आधार आजही निघतं, पण आमच्याकडं ते कोणी मागत नाही, आणि दिलं तर समोरचा म्हणतो, ‘हे अर्धंच छापलं की.’

आता यंत्रांकडं येऊ. तुमचा तो लाल पडदा आमच्याकडं फार चालतो. कोणी सिनेमा शोधायला जातं आणि एकदम स्क्रीन लाल होते, भोंगा वाजतो, ‘तुमचा संगणक लॉक झाला आहे, मायक्रोसॉफ्टला फोन करा’ आणि खाली नंबर. काका घाबरून नंबर फिरवतात. तुम्ही एक छोटा प्रोग्राम टाकायला लावता, त्यातला लांबलचक आकडा विचारता आणि तिकडं बसून काकांचा माऊस हलवू लागता. स्वतःहून फिरणारा बाण बघून काका खूश : ‘पाय, कंपनीचा माणूस दुरुस्त करून रायला!’ मी एकदा असा संगणक बघितला. ऑल्ट आणि एफ-फोर दाबलं, तरी हटेना म्हणून कंट्रोल-ऑल्ट-डिलीट करून टास्क मॅनेजरमधून क्रोम बंद केलं. भोंगा तिथंच संपला. व्हायरस-बियरस काही नव्हता, ते एक साधं वेबपेज होतं. मायक्रोसॉफ्ट अशा पडद्यावर फोन नंबर देत नाही, हे काकांना सांगितल्यावर ते माझ्यावरच नाराज झाले, कारण मी दुरुस्तीला दोन मिनिटंसुद्धा घेतली नाहीत.

दुसरा प्रकार घंटीचा. ‘तुम्ही रोबोट नाही हे दाखवायला अलाऊ दाबा’ असं येतं आणि आमचा माणूस मान राखून दाबतो. तेव्हापासून रोज सकाळी कोपऱ्यात ‘पाच व्हायरस सापडले’ अशी पाटी. क्रोमच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशनच्या यादीतून ती साइट काढली की पाटी जाते. पण लोक ती पाटी वाचून आणखी एक ‘क्लीनर’ टाकतात, आणि मग खरोखर साफसफाई होते.

अँटिव्हायरसची भीती वाटत असेल तर तीही सोडा. सातारा जिल्ह्यातले कैलास काटकर दहावीनंतर कॅल्क्युलेटर दुरुस्त करत पुढं आले, धाकट्या भावानं म्हणजे संजय काटकरांनी व्हायरस मारणारा प्रोग्राम लिहिला आणि त्यातून क्विक हील उभी राहिली. मराठी माणसानं असा तटबंदीचा धंदा केला. पण आमच्याकडं फुकटचं विंडोज चालू करणारं जे ‘अॅक्टिव्हेटर’ मिळतं, त्याची पहिलीच अट असते : आधी अँटिव्हायरस बंद करा. आम्ही करतो. चोर म्हणाला कुत्रं बांधा, आम्ही बांधलं. शिवाय विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ पासून नेहमीची फुकट दुरुस्ती देणं थांबवलं, आणि माझ्याकडं येणारे जुने लॅपटॉप बहुतेक त्यावरच आहेत. विंडोज ११ चढवू म्हटलं तर म्हणतात, ‘चालू हाय ना? मंग?’

लग्नसराईचा तुम्हाला निराळा हंगाम मिळेल. पत्रिका व्हॉट्सअॅपवर येते, नावापुढं एपीके, म्हणजे अॅपची फाइल. पत्रिका म्हणजे फोटो असतो किंवा पीडीएफ, ती फोनमध्ये ‘इन्स्टॉल’ करावी लागत नाही. पण ती आलेली असते खुद्द काकांच्या नंबरावरून, कारण काकांचा फोन कालच तुमच्या ताब्यात गेलेला असतो. सोयऱ्याची पत्रिका उघडली नाही तर पाहुणचारात खोट. एकदा उघडली, मेसेज वाचायची परवानगी दिली, की ओटीपी मागायचेही तुमचे कष्ट वाचले.

हे सगळं सांगतो ते एवढ्यासाठी की तुमच्या आधीच्या पिढीला किती राबावं लागे ते तुम्हाला कळावं. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ९४ कोटींवर रक्कम गेली. त्यासाठी त्या लोकांना बँकेच्या एटीएम यंत्रणेत घुसावं लागलं, बनावट कार्डं तयार करावी लागली, २८ देशांत माणसं उभी करावी लागली. आसेगावला नुसतं ‘हॅलो’ पुरतं.

स्थानिकांना रोजगारही द्या. चोरलेले पैसे फिरवायला तुम्हाला दुसऱ्यांची खाती लागतात. बेकार पोरं चार-पाच हजारांसाठी खातं, एटीएम कार्ड आणि सिम भाड्यानं देतात. कामाला जायला नको, वावरात वाकायला नको. मग एक दिवस परराज्यातले पोलीस दारात येतात, खातं गोठतं, गुन्हा खातेदाराच्या नावावर, आणि तुम्ही नव्या नंबरावर. एवढी कमी गुंतवणूक कुठल्या उद्योगाला लागते?

पण आमची सगळ्यात मोठी सवलत म्हणजे लाज. सीबीआयच्या नावानं तुम्ही एखाद्या निवृत्त गुरुजींना खोलीत कोंडून, कॅमेऱ्यासमोर बसवून ‘डिजिटल अटक’ करता, तेव्हा अशी अटक भारताच्या कायद्यातच नाही हे गुरुजींना कोणी सांगायला नसतं, कारण कोणाशी बोलायचं नाही हीच तुमची अट. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये हा विषय घेतला, फोन लावला की अमिताभ बच्चन बजावायचे, तरी माणसं बसतात. आणि पैसे गेल्यावर? एक गृहस्थ चार दिवसांनी माझ्याकडं आले. मला वाटलं तक्रार भरायची आहे. ते म्हणाले, ‘भाऊ, त्या कॉलचं सगळं मिटवून दे. घरी माहीत नोको पडू देऊ.’ गेलेल्या पैशापेक्षा गावात होणाऱ्या चर्चेचं दुःख जास्त. गावानंही ती चर्चा करायला कधी कसर ठेवलेली नाही. ज्याला लुटलं त्यालाच हसतो आम्ही. तुम्हाला याहून चांगलं संरक्षण कोण देणार?

आता प्रामाणिकपणे अडचणीही सांगायला हव्यात, नाहीतर उद्या म्हणाल फसवलं.

पहिली अडचण लाइट आणि रेंज. ऐन अटकेत रेंज गेली की तुमचा आरोपी उठून गाईचं दूध काढायला जातो. दुसरी अडचण शाळेतल्या पोरी. सातवीतली एक नात आजोबांना सांगत होती, ‘आबा, पिन पैसे देताना टाकाव लागते, घेताना नाही.’ एवढंसं वाक्य, पण क्यूआर कोड पाठवून ‘पैसे जमा करतो, पिन टाका’ म्हणणारा तुमचा अख्खा विभाग त्यात बसतो. तिसरी अडचण रिझर्व्ह बँकेची. तिच्या सांगण्यावरून बँकांच्या वेबसाइटचे पत्ते आता ‘डॉट बँक डॉट इन’वर संपतात. सरकारी साइट बहुतेक ‘जीओव्ही डॉट इन’वर संपते. पत्त्याचं शेपूट बघायची सवय लोकांना लागली, तर तुमच्या केवायसीच्या नकली साइट ओस पडतील.

आणि चौथी अडचण तुमच्या मुळावरच येणारी : १९३०. सायबर फसवणूक कळवायचा हा सरकारी नंबर २०२१ ला १५५२६० म्हणून सुरू झाला, मग सोपा केला. पैसे गेल्या गेल्या कोणी तो फिरवला, बँकेचं नाव, व्यवहाराचा क्रमांक आणि वेळ सांगितली, की तुमच्या भाड्याच्या खात्यांमागं धावाधाव सुरू होते आणि पैसा जिथं सापडेल तिथं अडवतात. उशीर झाला की पैसा दहा खात्यांत फुटतो आणि एटीएममधून निघून जातो. वर रिझर्व्ह बँकेनं ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात घालून दिलेला नियम. ग्राहकानं स्वतः ओटीपी सांगितला असला, तरी बँकेला कळवेपर्यंतचाच तोटा त्याचा, कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेच्या अंगावर. म्हणजे चूक झाली तरी लगेच ओरडण्यात फायदा आहे. आमच्या गावाला एरवी ओरडण्याची सवय भरपूर आहे. फक्त याच एका बाबतीत ते गप्प बसतं, यावर तुमचा धंदा उभा आहे.

तेव्हा लवकर या. गाव एकदा बोलायला लागलं, तर ही संधी पुन्हा मिळणार नाही. पत्राच्या शेवटी ‘लोभ असावा’ लिहायची रीत आहे. तुम्हाला ते सांगायला नको.

कळावे,
आपला (अजून झालेला नाही),
आसेगावचा कॉम्प्युटरवाला

ता. क. : गावकऱ्यांसाठी. पैसे गेले तर माझ्या दुकानात नंतर या, आधी १९३० ला आणि बँकेला फोन करा. पत्रिका उघडून बसला असाल तर त्या फोनचं नेट बंद करा आणि दुसऱ्याच्या फोनवरून कळवा. माझ्या दुकानात मी भरत असलेल्या अर्जासाठी ओटीपी लागला, तर मेसेज तुम्ही स्वतः वाचा, कशाचा आहे ते विचारा आणि आकडा स्वतः टाइप करा, रांग लागली तरी चालेल. हे पत्र मी गावाच्या ग्रुपवर फोटो काढून टाकणार आहे. ते फाइल म्हणून आलं आणि इन्स्टॉल करायला सांगू लागलं, तर ते माझं नाही.