सी व्ह्यूवाल्या मालकांस, सप्रेम

रा. रा. मालक, मुक्काम दिवेआगर, यांस भिवंडीहून स. न. वि. वि.

आपल्या कृपेने आम्ही सहकुटुंब सुखरूप घरी पोचलो. २०११ पासून रुंद होत असलेला मुंबई-गोवा महामार्ग अजून रुंदच होतो आहे, पण त्याची तक्रार तुमच्याकडे कशाला करू? खोलीबद्दल मात्र लिहिल्यावाचून राहवत नाही. जाहिरातीत 'सी व्ह्यू' होता. फोटोत खिडकी होती, खिडकीत समुद्र होता, समुद्रात मावळता सूर्य होता. प्रत्यक्षात खिडकी होती.

तिच्यातून तुमची पाण्याची टाकी दिसली. टाकीमागे शेजाऱ्यांची भिंत, आणि भिंतीवर त्यांची स्वतःची 'सी टच'ची जाहिरात. समुद्र कुठाय म्हणून विचारलं, तर तुमच्याकडचा मुलगा आम्हाला गच्चीवर घेऊन गेला, कठड्यावर चढा म्हणाला आणि सुरूच्या बनाकडे हात करून म्हणाला, "त्याच्या मागंच आहे." आहेच, त्याबद्दल वाद नाही. या हिशेबाने आमच्या भिवंडीतूनही समुद्र दिसतो. मध्ये ठाणं आणि मुंबई येते एवढंच. आईचं वय पाहता तिला कठड्यावर चढवायचा बेत आम्ही रद्द केला. बिलात 'सी व्ह्यू'चा जादा आकार मात्र तिच्याही वाटणीचा भरला.

मी ग्रे कापडाच्या धंद्यातला माणूस. आमच्याकडे व्यापारी सॅम्पल पाहून सौदा करतो. तागा सॅम्पलबरहुकूम निघाला नाही तर माल परत येतो. इंचात बाण्याचे धागे किती, ते भिंग लावून मोजतात आणि कमी भरले तर पैसे कापतात. तुमच्या धंद्यात भिंगाची सोयच नाही. ॲडव्हान्स आधी, समुद्र नंतर.

गरम पाणी सकाळी तासभरच, एसीचे पैसे वेगळे, 'घरगुती कोकणी जेवणा'त पनीर, हे सगळं सोडून देतो. मोदक झकास होते.

मला कळत नाही ते असं की हे खोटं बोलायची तुम्हाला गरजच काय? कोकणातल्या जुन्या माणसांनी घरं सहसा समुद्राकडे तोंड करून बांधलीच नाहीत. खारा वारा आणि पावसाळी तुफान अंगावर कोण घेणार? घर रस्त्याला, मागे नारळी-पोफळीची वाडी, वाडीच्या पुढे बन, मग पुळण. १९९१ च्या सीआरझेड अधिसूचनेने ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरांचा पट्टा नव्या बांधकामाला बंद केला. नियम पुढे सैल झाले, पण त्या काळात नेमाने बांधलेल्या घरातून समुद्र दिसायचा कसा? म्हणजे तुमची खोली नियमात बसते आणि तुमची जाहिरात बसत नाही. उलटं असतं तर निदान आम्हाला समुद्र तरी दिसला असता! 'समुद्र दिसत नाही, मागे वाडी आहे, रात्री काही ऐकू येत नाही' असं लिहा. ज्यांच्या घराच्या भिंतीपलीकडे रात्रपाळीचे लूम चालतात, ती माणसं तेवढ्यावर धावत येतील. मी पहिल्या रात्री चक्क दचकून जागा झालो, इतकी शांतता होती.

आता जरा वेगळं. आधार कार्ड बघून तुम्ही विचारलंत, "भिवंडी? अच्छा… किती जण? ग्रुप वगैरे नाही ना?" मी हसलो, कारण आमच्या गावाच्या नावानंतर येणारा तो 'अच्छा' आम्हाला पाठ आहे. पण आमच्या शेजारच्या कारखान्याच्या मालकांनी त्याच तारखांसाठी तुम्हाला फोन केला होता. सहकुटुंब यायचं होतं, पैसे आगाऊ द्यायची तयारी होती. नाव ऐकल्यावर तुम्ही "फुल्ल आहे" म्हणालात. त्याच संध्याकाळी मला म्हणालात, "दोन रूम आहेत, दोन्ही घ्या ना." लाज नाही वाटली? तुमच्या खोलीतला गीझर, टीव्ही, तो वेगळ्या पैशांचा एसी, यातलं बरंचसं भिवंडीच्या गोदामांतून आलेलं असणार. उशीच्या अभ्र्याचं कापड कदाचित याच शेजाऱ्यांच्या मागावर विणलं गेलं असेल. माल घेताना तुम्ही नाव विचारलंत का? नसलेला समुद्र तुम्ही राजरोस विकता, आणि खरं नाव सांगणाऱ्या माणसाला दारातून परत पाठवता!

लिहिता लिहिता हात थांबला तो तुमच्या वाडीची आठवण होऊन. शेवटच्या सकाळी तुम्ही मला मागे घेऊन गेलात. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, तेव्हा दुपारभरात पोफळी कशा काडकन मोडून आडव्या झाल्या, ते सांगताना तुम्ही माझ्याकडे बघतही नव्हतात. श्रीवर्धनकडची रोठा सुपारी नावाजलेली. पण नवं रोप लावलं की हाताशी सुपारी यायला पाच-सात वर्षं जातात, आणि बँक तेवढी थांबत नाही. वाडी गेली म्हणून खोल्या काढल्या. खोल्यांना गिऱ्हाईक फक्त शनिवार-रविवार. त्यात बुकिंगवाल्यांचं कमिशन. 'सी व्ह्यू' लिहिलं नाही तर यादीत खाली जातो, असं तुम्हीच म्हणालात. पटलं. आमच्याकडेही यार्नचा भाव चढतो आणि कापडाचा पडतो, तेव्हा माणसं लूम भंगारात विकतात. 'सी व्ह्यू'चे जादा पैसे मी त्याच सकाळी मनातून सोडले.

शेजाऱ्यांचा फोन मात्र सोडलेला नाही. डिसेंबरात परत येतो म्हणतो. दोन खोल्या लागतील, मागच्या, वाडीकडच्या. खिडकीत टाकी असली तरी चालेल. बुकिंग त्यांच्या नावावर असेल आणि फोनही तेच करतील. मी शेजारी बसून ऐकत असेन.

कळावे.
आपला,
भिवंडीचा एक (ग्रुप नसलेला) गिऱ्हाईक