बऱ्हाणपुरात राहून मोठे कसे व्हावे

सर्वप्रथम पहाटे उठावे. आत्मविकासाच्या प्रत्येक पुस्तकात पहिल्या पानावर हेच असते, म्हणून आमच्याही मार्गदर्शिकेत ते पहिले. मात्र बऱ्हाणपूरकराने गजर लावण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपल्या जिल्ह्यात सर्वांत लवकर उठणारा इसम अश्वत्थामा हा आहे. असीरगडावरच्या महादेवाच्या देवळात पहाटे दार उघडावे तर पिंडीवर ताजे फूल आधीच वाहिलेले असते, आणि ते त्यानेच वाहिलेले असते, असे गडाखालची माणसे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आली आहेत. म्हणजे महाभारतापासून आजतागायत एकही खाडा नाही. थंडीताप नाही, पाहुणे नाहीत, रात्री उशिरापर्यंत चाललेले लग्न नाही. आंघोळ, फूल, दर्शन. एवढी शिस्त जगातल्या कुठल्याही व्याख्यात्याने पाळलेली नाही. आणि कपाळावरची जखम? ती अजून वाहते आहे. तो अजून तेल मागत फिरतो आहे. तेव्हा पहाटे जरूर उठावे, अपेक्षा मात्र बेताच्या ठेवाव्यात.

उठल्यावर आठवड्याचे नियोजन करावे असे सांगतात. इथे भूगोल आडवा येतो. आमच्या शहराला शनवारा आहे, बुधवारा आहे, इतवारा आहे. मी शनवाऱ्याचा. माझ्या घराच्या पत्त्यातच अर्धी सुटी आहे. इतवाऱ्यातल्या माणसाला तुम्ही सोमवारी सकाळी ‘या आठवड्याची ध्येये’ लिहायला बसवता, ही त्याच्याशी सरळ सरळ दांडगाई झाली. तरीही डायरी घ्यावी. वृत्तपत्राचा कागद बनवणारा देशातला पहिला कारखाना आपल्याच नेपानगरात उभा राहिला. कागद कोरा ठेवण्यात आपल्याला संकोच वाटण्याचे कारण नाही. माझ्याकडे अशा अकरा डायऱ्या आहेत. प्रत्येकीची पहिली चार पाने अतिशय प्रेरणादायी आहेत.

आता शिबिराबद्दल. आत्मविकासाचे शिबिर आयुष्यात एकदा तरी करावे. मी केले. मोठ्या शहरातून एक सर आले होते, गळ्याला माइक चिकटवलेला, बोलताना व्यासपीठावरून सारखे चालणारे. १६८१ साली संभाजी महाराजांची फौज बहादूरपुऱ्यावर येऊन गेली, त्यानंतर बऱ्हाणपुरातून इतक्या थोड्या वेळात इतकी रक्कम गोळा झाली असेल तर ती त्या दिवशी त्या मंगल कार्यालयात. सरांनी आम्हाला डोळे मिटून, मुठी वळून ओरडायला सांगितले, ‘मी करू शकतो!’ आम्ही ओरडलो. पण मागच्याच गल्लीत पॉवरलूम. तिथली खटखट खिडकीतून अशी काही आत येत होती की शेजारच्याचा आत्मविश्वास मला ऐकू येईना, माझा मलाही येईना. सरांनी विचारले, हा आवाज थांबवता येईल का? कुणीतरी म्हणाले, लाइट गेली की थांबतो, पण मग तुमचा माइकही थांबेल.

माझ्या शेजारी रावेरकडचे एक नाना बसले होते. सहा एकर केळी. मुलाने पैसे भरले म्हणून आलेले. सर म्हणाले, “आपण जे मनापासून मागतो ते विश्व आपल्याला देतं.” नाना उठून उभे राहिले.

“सर, मागच्या साली मी मनापासूनच भाव मागितला होता. विश्वानं वादळ दिलं. निसवलेली बाग एका रात्रीत आडवी झाली.”

“नाना, त्या वेळी तुमचा दृष्टिकोन सकारात्मक होता का?”

“माझा होता, सर. केळीचा नव्हता.”

टाळ्या पडल्या, पण सरांना नाही. जेवणाच्या सुटीत नाना मला म्हणाले, “भो, हे सर म्हणतात दर वर्षी स्वतःची नवी आवृत्ती काढा. आपली केळी तेच करते ना. एका खोडाला एकच घड. घड कापला की खोडाचं काम संपलं, बुडातलं पील वर येतं.” मी ते डायरीत टिपून घेतले. एकदा घड दिला की खोडाने बाजूला व्हावे, ही पद्धत मार्गदर्शकांनाही लावता आली तर पुष्कळ गोष्टी सोप्या होतील, असेही कंसात लिहिले. नंतर कंस खोडला. सर माझ्याकडेच पाहत होते.

दुपारच्या सत्रात ‘ध्येयचित्र’ हा प्रकार होता. डोळे मिटून, आपण यशस्वी झालो आहोत असे पाहायचे. गाडीचा रंगसुद्धा पाहायचा. मराठी माणसाला हे शिकवायला शहरातून सर कशाला हवेत? आपल्याकडे मनात मांडे खाण्याची परंपरा आहे. पण बऱ्हाणपूरकराची इथेही पंचाईत होते, कारण आमच्याकडे मांडे खरोखरचे असतात. खाली खानदेशात पुरणाचे, खापरावरचे. इथे साधे, बिनपुरणाचे. कणकेचा गोळा हातावर झेलत, गरगरवत, टॉवेलाएवढा पसरायचा आणि उलट्या कढईवर टाकायचा. तो करणारा माणूस डोळे मिटत नाही. मी एकदा घरी प्रयत्न करून पाहिला; मांडा माझ्या कोपराला गुंडाळला गेला. मनातल्या मांड्याला मैदा लागत नाही, म्हणून तो फाटत नाही, एवढेच त्याचे वैशिष्ट्य. शिबिरानंतर मी रोज संध्याकाळी पंधरा मिनिटे ध्येयचित्र पाहत बसू लागलो. चौथ्या दिवशी सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, मनातले खाऊन झाले असतील तर दूध घेऊन या.”

अपयश पचवायला शिकावे, हा पुढचा धडा. या विषयात आमच्या शहराचा हात धरणारे दुसरे शहर नाही. व्याख्याते दिव्याच्या शोधातल्या फसलेल्या प्रयोगांचे दाखले देतात. किरकोळ गोष्ट. आमच्या हातून ताजमहाल गेला. १७ जून १६३१ रोजी मुमताजमहल इथे, चौदाव्या बाळंतपणात वारली. तापीपलीकडे जैनाबादला तिला पुरले आणि सुमारे सहा महिन्यांनी तो देह आग्र्याला नेला. इथले गाइड सांगतात की ताज तापीकाठीच व्हायचा होता, पण माती वाळवीची निघाली आणि मकराण्याचा संगमरवर इथवर आणणे परवडेना. खरे-खोटे तापीला माहीत. पण असे काही गमावल्यावर एखादे शहर खचून गेले असते. बऱ्हाणपूर दुसऱ्या दिवशी सकाळी उठले आणि कामाला लागले. आज मावा जलेबी खाते आहे. ती पहिल्या घासातच अपयश विसरायला लावते, वजनाची जबाबदारी मात्र ज्याची त्याने घ्यावी.

कामाचे कौतुक होत नाही म्हणून खट्टू होणाऱ्यांनी मिर्झाराजे जयसिंगांची छत्री पाहून यावी. १६६५ साली पुरंदरचा तह करून या माणसाने शिवाजी महाराजांकडून तेवीस किल्ले घेतले. बादशहाच्या नोकरीत याहून मोठी कामगिरी कुणी दाखवावी? पुढे विजापूरची मोहीम फसली, महाराज आग्र्याहून निसटले, वरून बोलावणे आले, आणि १६६७ साली परतीच्या वाटेवर राजे इथेच, बऱ्हाणपुरात गेले. तेवीस किल्ल्यांची गोष्ट वरिष्ठांच्या ध्यानात राहिली नाही. तुमच्या साहेबाने तुमच्या मार्चमधल्या ओव्हरटाइमची आठवण ठेवावी, ही अपेक्षा या हिशेबाने जरा जास्तच होते.

मनाची एकाग्रता हा विषय शिकवताना मला नेहमी औरंगजेब आठवतो. इतका कडक, इतका संयमी माणूस. दख्खनचा सुभेदार असताना जैनाबादच्या आहूखान्यात, म्हणजे हरणांच्या बागेत, गेला. तिथे हिराबाई नावाच्या गाणारणीने उडी मारून झाडाचा आंबा तोडला. शहजादा तिथल्या तिथे मूर्च्छित पडला, असे जुन्या बखरकारांनी लिहून ठेवले आहे. एका आंब्याने हे होत असेल, तर मोबाइलवर दर दोन मिनिटांनी टणटण वाजत असताना तुमचे चित्त ढळते याचे वाईट वाटून घेऊ नये.

चिकाटीने कोणताही गड सर होतो, हे वाक्य भिंतीवर लावायला चांगले. असीरगडासमोर अकबराची फौज महिनोन्‌महिने बसली होती. १६०१च्या जानेवारीत गड पडला. आणि तो तोफांपेक्षा सोन्याच्या किल्लीने उघडला, असे इतिहासकार फारसा संकोच न करता सांगतात. या परिच्छेदातून काय घ्यायचे ते वाचकाने घ्यावे. सरकारी नोकरीत असलेल्यांनी काहीच घेऊ नये.

इथवर वाचून कुणाला वाटेल, हा मनुष्य नकारात्मक आहे. सरांनाही वाटले. प्रमाणपत्र देताना ते हळूच म्हणाले, “नकारात्मक विचार काढून टाका.” मी त्याच रविवारी कुंडी भंडाऱ्यावर गेलो.

हे ठिकाण पाहिल्याशिवाय कुणी आत्मविकासाच्या वाटेला जाऊ नये. १६१५च्या सुमारास, जहांगीरच्या काळात, सुभेदार अब्दुर्रहीम खानखानाने ते करवले. इराणहून पाण्याचा एक जाणकार बोलावला. सातपुड्यावर पडलेला पाऊस जमिनीत मुरतो आणि आतल्या आत तापीकडे निघतो. त्याने तो वाटेतच अडवला. जमिनीखाली बोगदा खणला, त्याला किंचित उतार दिला, आणि ठरावीक अंतरावर वर उघडणाऱ्या कुंड्या बांधल्या, शंभराच्या आसपास. त्यांतून खणलेली माती वर आली, पुढे हवा खाली जाऊ लागली. पंप नाही, मोट नाही, बैल नाही. पाणी उताराने एका कुंडीकडून दुसरीकडे जाते आणि जात राहते. चारशे वर्षे झाली. भिंतींवर चुनखडीचे पांढरे थर चढले आहेत.

आणि हे का केले? इथली माणसे सांगतात, भीतीपोटी. एवढी मोठी छावणी तापीच्या पाण्यावर अवलंबून. शत्रूने नदीत विष कालवले तर? बघा, किती वाईट विचार! त्या छावणीत आमचे सर असते तर म्हणाले असते, खानसाहेब, नदीकडे विश्वासाने पाहा, जे मागाल ते मिळेल. खानखाना विश्वासाने पाहत बसला नाही. शहरात आजही उभी असलेली सर्वांत उपयोगी वस्तू एका माणसाच्या नकारात्मक विचारातून आली आहे. प्रमाणपत्र घेऊन मी परत त्या मंगल कार्यालयात जाणार होतो हे सांगायला, पण सर तोवर पुढच्या जिल्ह्यात पोचले होते.

गंमत म्हणजे हा खानखाना म्हणजेच दोहेवाला रहीम. रोज सकाळी सात वाजता माझ्या मोबाइलवर त्याचे किमान तीन दोहे येतात, गुलाबाच्या फुलांसकट. पाण्यावरचा तर आठवड्यातून दोनदा. पाठवणारे आमचेच मोहल्लेवाले. त्यांतल्या एकाचा नळ गेले तीन महिने गळतो आहे आणि ते काका अजून वॉशर बदलत नाहीत. त्यांना मी परवा लिहिले, काका, ज्याने हे लिहिले त्याने पाण्यावर फक्त लिहिले नाही, खणूनही ठेवले. उत्तरादाखल हात जोडलेले चित्र आले आणि मागोमाग आणखी एक दोहा.

तेव्हा आता प्रात्यक्षिक. यासाठी फी नाही, माइक नाही. लिफ्टने सुमारे ऐंशी फूट खाली उतरावे. व्यक्तिमत्त्व विकासाच्या सगळ्या पुस्तकांत बाण वर जाणारा असतो; इथे खाली जायचे आहे, घाबरू नये. पँट गुडघ्यापर्यंत दुमडावी. पाण्यात उभे राहून वर पाहावे, तिथे थाळीएवढे आकाश दिसते. काही ओरडायचे असल्यास ओरडून पाहावे. ‘मी करू शकतो’ असे मी ओरडलो होतो. ते शब्द बोगद्यात बरेच लांब जाऊन विरले, पाण्याच्या वेगात फरक पडला नाही. खाली दहा मिनिटांपेक्षा जास्त थांबू नये, वर रांग असते.

डायरी आणली असेल तर वरच ठेवून जावे. भिजते.